पाठीचे किती, डोळ्यांचे किती

मुंबईत माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी विनायक परब हे नाव सांगतो. आम्ही त्यांना परबकाका म्हणतो. कोणाच्याही घरी गेले की हे गृहस्थ आधी पलंगाजवळ जातात. उजव्या हाताची मूठ वळून गादीत दाबतात, एकदम सोडतात आणि गादी वर येताना डोळे बारीक करून बघत राहतात. मग यजमानांकडे वळून विचारतात, "केवढ्याला पडली?"

चहा, पाणी, खुशाली हे सगळं त्यानंतर.

आमच्या मालाडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचे एक आजोबा वारले, तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. घरात सगळे मान खाली घालून बसलेले. काकांना जागा मिळाली ती नेमकी पलंगाच्या कडेला. ते बराच वेळ नीट बसले. मग त्यांचा हात आपोआप चादरीखाली गेला. आजोबांच्या मुलाकडे झुकून ते हळूच म्हणाले, "वाईट झालं." आणि पुढच्याच श्वासात, "काथ्याची ना ही? मधे बसलीय." मुलाने डोळे पुसत मान हलवली आणि किंमतही सांगितली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फसवलं रे तुम्हाला," ते म्हणाले. मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं होतं. तो मुलगा मात्र त्या दिवसात पहिल्यांदा थोडा हसला.

काकांचा गाद्यांशी धंद्याचा काही संबंध नाही. मरोळच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर लोक बागेत जातात, काका गाद्यांच्या दुकानात जातात. विकत काही घेत नाहीत. दुकानदाराला त्यांचा एकच प्रश्न असतो, "ह्यातले पाठीचे किती, डोळ्यांचे किती?"

हा हिशोब त्यांनी मला अनेकदा समजावला. गादीच्या पोटात काय आहे, कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग की रबर, तो फोम किती भरीव आहे, किती वर्षांनी बसेल, हे पाठीचे पैसे. वरचं चमकणारं कापड, त्यावरची फुलाफुलांची शिवण, फुकट म्हणून दिलेल्या दोन उशा, दुकानातला एसी, हे डोळ्यांचे. एका गादीच्या वेष्टणावर झोपेत हसणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो होता. काका म्हणाले, "हिच्या हसण्याचे पैसे आपण कशाक देवचे?"

मी जिंतूरकडच्या एका लहान गावचा. शाळा तालुक्याला, कॉलेज परभणीला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मरोळच्याच एका ऑफिसात नोकरी लागली आणि मी खोली शोधू लागलो. एजंट खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारायचे आणि आडनाव ऐकल्यावर ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. अशा अनेक कालच गेलेल्या खोल्या पाहून मी काकांच्या दारात पोचलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाठीवर झोपतोस की कुशीवर?"

"कुशीवर," मी म्हणालो. मला वाटलं, हीही काहीतरी अट असणार.

"मग आतली खोली घे. तिथली गादी कापसाची आहे. चालेल तुला."

आडनाव त्यांनी विचारलं ते पुढे कधीतरी, पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा. तेही पाकीट माझं की वरच्या मजल्यावरच्याचं, एवढंच ठरवायला.

काकांच्या बाहेरच्या खोलीत मोठा पलंग होता आणि त्यावर चांगली वीतभर जाडीची गादी. पण तिच्यावर काकांचे जुने पेपर, छत्र्या आणि वाळवलेल्या कोकमाच्या सोलांचे डबे. काका स्वतः पलंगाला लागून खाली सतरंजीवर झोपायचे. जगभरच्या गाद्या दाबणारा हा माणूस स्वतःच्या गादीला बोट लावत नाही, याचं मला नवल वाटे. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. पत्नी गेल्यापासून ते एकटे आहेत, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

मग माझ्या आईच्या कमरेचं दुखणं वाढलं. तिने दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून मला शिकवलं. ती कंबर कधीतरी बोलणारच होती. काका स्वतःहून म्हणाले, "इकडे आण तिला. मी बाहेरच्या खोलीत असतोच." इथल्या डॉक्टरांनी मणक्याची झीज सांगितली. भुईवर झोपायचं नाही, वाकून उठायचं नाही, काही महिने इथेच राहून व्यायाम आणि औषधं. नाहीतर पुढे चालणंही अवघड होईल.

पण कापसाच्या त्या गादीवर, गुठळ्यांमुळे, तिचा डोळा लागेना. "मला गावाकडं सोड बाबा," ती रोज म्हणू लागली. "तिथं भुईवर बरी झोप लागती." ती परत गेली असती तर उपचार संपलेच होते. मी ठरवलं, मालाडमधली सगळ्यात महाग गादी आणायची.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते छत्री दुरुस्त करत होते. हात थांबला.

"सगळ्यात महाग का?"

"आईसाठी आहे म्हणून."

त्यांनी छत्री बाजूला ठेवली, चपला घातल्या. "चल."

त्यानंतरचे रविवार आम्ही गाद्यांवर काढले. मालाड, बोरिवली, एकदा तर थेट घाटकोपर. काका प्रत्येक दुकानात चपला जोडून ठेवत, डोक्याखाली स्वतःचा रुमाल अंथरत आणि आडवे होत. एका एसी दुकानातला सेल्समन म्हणाला, "काका, हा मेमरी फोम. तुमचं शरीर लक्षात ठेवतो."

"माझं शरीर मी विसरायला बघतोय, हा कशाला लक्षात ठेवतो?" असं म्हणून काका आडवे झाले आणि खरोखरच घोरू लागले. सेल्समन माझ्याकडे बघू लागला. मी किमतीची पट्टी वाचू लागलो.

"काका, घेणार की नुसते झोपणार?"

"झोपल्याशिवाय घेऊ कसा रे?" काका डोळे न उघडता म्हणाले. "आत काय आहे दाखव. चेन उघड."

"चेन नाहीये काका, शिवलेली आहे."

"मग वजन सांग. एवढी जाड आणि एका हाताने उचलतोस म्हणजे पोटात वाराच दिसतोय."

काकांचं सगळंच बरोबर असे असं नाही. आतल्या खोलीतली आमची लोखंडी खाट नेहमीच्या मापाची नव्हती. दुकानदार म्हणाला, वेगळ्या मापाची कापून शिवायची तर पैसे जास्त आणि थांबावंही लागेल. काका म्हणाले, "गादी कशाला बदलायची? खाट बदलू." त्यांनी कुठून तरी फळी आणली, दिवसभर घाम गाळला आणि खाट तयार मापाएवढी लांब केली. ती बरोबर झाली, फक्त दाराला लागली. त्या दिवसापासून आतल्या खोलीचं दार अर्धंच मिटायचं. "हवा खेळते," काका म्हणाले.

शेवटी आईला घेऊन रिक्षाने बोरिवलीच्या एका दुकानात गेलो. आईने आडवं व्हायला साफ नकार दिला.

"एवढ्या बाप्यांसमोर आडवी होऊ? काय बी सांगतो!"

"मग बसून तरी बघ," मी म्हणालो.

ती कडेला टेकली. "चांगली हाय." दुसरीवर बसवलं. "ही बी चांगली हाय." तिसरीवरही तेच. मग तिने विचारलं, सगळ्यांत कमी पैशांची कुठली, आणि ती कळल्यावर म्हणाली, "तीच लई मऊ लागली मला."

मी हतबल झालो. तिला आयुष्यात कोणी काय हवं ते विचारलंच नव्हतं, आता विचारून उत्तर कसं येणार? काका तिच्याकडे बघत होते. मग दुकानाबाहेर गेले आणि परत आले ते मेथीची जुडी घेऊन.

"ताई, आज भाजी माझ्या हातची. एवढी निवडून द्या. ह्या पोराला पानं कुठली न् काड्या कुठल्या कळत नाही."

काम म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला. तिने पदर पुढे घेतला आणि तिथेच मेथी निवडायला बसली.

दुकानदार धावत आला. "ओ काका! माल आहे हा! माती पडेल!"

काकांनी पिशवीतला पेपर काढून अंथरला. "दहा वर्षं टिकते म्हणता ना तुमची गादी? मेथीला घाबरते?"

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, जरा ह्या बाजूला या, तिथे पंख्याचं वारं लागतं." मग, "तिथे उजेड नाही, इकडे या." आई पदरातली मेथी सावरत एका गादीवरून दुसरीवर जात होती. काका गादीकडे बघतच नव्हते. ते फक्त आईचे हात बघत होते.

जाड, मऊ, मी मनात धरलेली ती महागडी गादी. तिच्यावरून उठताना आईने एक हात खाली रोवला, दुसऱ्याने माझा खांदा धरला, तरी पहिल्यांदा उठता आलं नाही. थोडी मेथी सांडली. मग तपकिरी कापडाची एक साधी, खाली काथ्या आणि वर फोम असलेली. तिच्यावरून आई उठली ती दोन्ही हातांनी पदर धरून, बोलता बोलता, कशालाही हात न लावता.

"ही," काका म्हणाले. "झोपताना माणूस खोटं झोपतो. उठताना खोटं उठता येत नाही."

संध्याकाळी काकांनी ती मेथी केली. खारट झाली होती. जेवण झाल्यावर आईने सरळ विचारलं. जे मला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं ते तिने हात धुता धुता विचारलं.

"भाऊ, एवढी जाड गादी असून तुम्ही खाली का निजता?"

काका उठले. पेपर बाजूला केले, मूठ वळली आणि स्वतःची गादी दाबली. मूठ पार आत गेली. गादी वर यायला वेळ लागला.

"ही सुलभाच्या आजारपणात घेतली. सगळ्यात महाग. कोणी केवढ्याला विचारलं की छाती काढून सांगायचो. तिला रोज विचारायचो, कशी आहे? ती म्हणायची, छान आहे हो." ते पलंगाच्या कडेला बसले. "रुतायची ती हिच्यात. कूस बदलता यायची नाही. मी कामावर गेलो की शेजारणीला बोलावून खाली सतरंजीवर उतरायची. मी यायच्या आत परत वर. एक दिवस मी लवकर आलो."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. बऱ्याच किका मारल्यावर ती सुरू झाली.

"मग शेवटपर्यंत खालीच झोपली. हयसरच," काका म्हणाले आणि सतरंजीकडे बघितलं. "आता मी वर कसा झोपू?"

आईने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मी बी नसतं सांगितलं, भाऊ."

ती तपकिरी गादी आली आणि आई राहिली. उपचार पूर्ण झाले. पुढे बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा काका कुडाळजवळच्या गावी भावाकडे गेले. आम्ही मायलेक बोरिवलीत भाड्याने राहू लागलो. गेल्या आठवड्यात मी काकांना एक पार्सल पाठवलं. त्यासोबतचं पत्र हे:

तीर्थरूप परबकाकांस,

सविनय जयभीम.

फोनवर तुम्ही 'रेंज नाय' म्हणून ठेवून देता, म्हणून लिहीत आहे. आईची तब्येत चांगली आहे. जिने चढते. खाट इकडे आणली, तुमची फळीही आणली. इथे दार पूर्ण मिटतं, तर आईला गुदमरल्यासारखं होतं. ती ते अर्धं उघडंच ठेवते.

बोरिवलीच्या दुकानदाराने परवा तुमची चौकशी केली. मेथीवाले काका कुठे आहेत, असं विचारत होता.

सोबत आईने शिवलेली वाकळ पाठवतो. तिची जुनी लुगडी एकावर एक ठेवून, त्या गादीवर बसून तिने रोज थोडे थोडे टाके घालून शिवली. तुम्ही वर झोपणार नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तुमच्या सतरंजीवर अंथरायला. रंग कुठलाच कुठल्याशी जुळत नाही. ती म्हणते, ह्यात डोळ्यांचं काही नाही, सगळं पाठीचं आहे.

अंथरून झोपून बघा आणि सकाळी उठूनही बघा. टोचली, जाड वाटली, तर तसंच कळवा. आई उसवून पुन्हा शिवेल. तिने बजावून सांगितलं आहे, 'भाऊंना म्हणावं, छान आहे एवढंच लिहू नका.'

तुमचा,
गौतम