पाइपसाहेबांची बिनभुशाची खोली

"बत्तीस वर्षं मी अख्ख्या शहराचं पाणी वळवलंय! हा मूठभर भुसा माझं ऐकणार नाही म्हणजे काय?"

पाइपसाहेबांनी हे वाक्य बायकोला ऐकवलं तेव्हा तिच्या एका हातात काळा कोट होता, दुसऱ्या हातात ब्रश होता आणि नजरेत जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाइपसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी जन्मभर पाइपांचे नकाशे काढले. कुठला पाइप कुठल्या रस्त्याखालून जाऊन कुठे वळतो, हे ते झोपेतही सांगत. (सांगतच! काकूंना सगळं शहर त्यामुळेच पाठ झालं होतं.) निवृत्त झाल्यावर वळवायला पाइप उरले नाहीत, तेव्हा साहेबांनी मागच्या खोलीत विजेवर चालणारी करवत आणून टेबलावर बसवली. नातीसाठी पुस्तकांचं कपाट करायचं होतं. महिनाभरात कपाटाच्या फळ्या झाल्या दोन, आणि भुसा झाला दोन घरांना पुरेल एवढा! तो मिठात सापडला, चष्म्याच्या घरात सापडला, गजराच्या घड्याळात शिरून त्याने गजराचा आवाज बसवला.

इथवर काकूंनी चालवून घेतलं. पण काकू घरीच शिवणकाम करायच्या, गल्ली त्यांना टेलरकाकू म्हणायची, आणि त्यांचं शिवणयंत्र साहेबांच्या खोलीला अगदी लागून होतं. त्या आठवड्यात यंत्रावर होता एका वकीलबाईंचा कोट. काळा कुळकुळीत! त्यावर भुसा असा दिसायचा की कोटाला कोंडा झालाय असं वाटावं.

"चार वेळा झटकला मी हा कोट," काकू म्हणाल्या. "शनिवारी अकरा वाजता वकीलबाई ट्रायलला येणार आहेत. कोटावर एक कण दिसला ना, तर ती करवत भंगारात जाईल! आणि तुम्हालाही विचारीन, सोबत जाताय का?"

"एक कण दिसणार नाही," साहेब म्हणाले, आणि नकाशा काढायला बसले.

नकाशा तीन रंगांत झाला. करवतीच्या पोटाखालून एक जाड लवचीक पाइप. जमिनीवर सांडलेला भुसा गिळायला त्याला फुटलेला दुसरा, आरपार दिसणारा पाइप. दोन्ही जाऊन मिळणार एका झाकणाच्या पिंपाला. पिंपातून पुढे निघणारा पाइप जुन्या व्हॅक्युम क्लीनरला, आणि क्लीनरची हवा खिडकीतून बाहेर.

"भुसा जड, तो पिंपात पडेल. हवा हलकी, ती बाहेर जाईल," साहेबांनी समजावलं.

"आणि क्लीनरची पिशवी? ती तर तुम्ही काढून टाकलीत!"

"अगं, पिशवीने ओढ कमी होते. भुसा पिंपातच राहणार म्हटल्यावर पिशवी हवी कशाला?"

काकूंना हे पटलं नाही. पण पाइपांच्या बाबतीत साहेबांशी वाद घालणं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं.

शनिवारी सकाळी साहेब खोलीत शिरले. आतून कडी घातली आणि दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करायला घेतल्या. वरची झाली, दोन्ही बाजूंच्या झाल्या, आणि खालच्या फटीशी पोचेपर्यंत चिकटपट्टी संपली! साहेब डगमगले नाहीत. जमिनीवरच्या पाइपाचं तोंडच त्यांनी त्या फटीला टेकवून ठेवलं. आता भुशाने बाहेर जायचा विचार जरी केला तरी तो परत ओढला जाणार होता!

मग त्यांनी डोळ्यांवर गॉगल चढवला, नाकातोंडावर मास्क, कानांवर आवाज अडवणारे जाडजूड डबे, आणि बटण दाबलं.

काय सांगावं! करवत फळीत शिरली आणि भुसा दिसेचना! टेबल स्वच्छ, जमीन स्वच्छ, हवा तर डोंगरावरच्यासारखी. साहेबांनी तिसरी फळी कापली, चौथी कापली. मग कापायची गरज नसलेली एक पाचवीही कापली. नुसत्या आनंदापोटी!

भुसा गेला कुठे? तर पिंपाच्या झाकणाला साहेबांनी भुसा आणणारा आणि हवा नेणारा हे दोन्ही पाइप इतके जवळजवळ बसवले होते की भुसा एकातून यायचा आणि पिंपात पाय न टेकता दुसऱ्यातून पुढे निघून जायचा. पुढे पिशवी नव्हती. पुढे थेट खिडकी होती. आणि खिडकीखाली शेजारचे निवृत्त हेडमास्तर आपल्या फाटकाला पांढरा रंग देत होते.

हेडमास्तरांनी वर पाहिलं. खिडकीतून तपकिरी लोट येत होता. त्यांनी ब्रश टाकला, अग्निशमन दलाला फोन लावला आणि धावत येऊन काकूंचं दार बडवलं.

"टेलरकाकू! मागच्या खोलीतून धूर येतोय!"

काकूंनी आधी कोट कपाटात कोंबून कपाट बंद केलं. (तीस वर्षांची सवय!) मग त्या मागच्या खोलीच्या दारावर धावल्या. "अहो! अहो, बाहेर या! आग लागलीये!"

आतून फक्त करवतीचा आवाज.

"करवत चालू आहे, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे," हेडमास्तर म्हणाले. "चिठ्ठी टाका!"

काकूंनी मापाच्या वहीतलं पान फाडलं. 'बाहेर धूर दिसतोय. मशीन बंद करा.' पान फटीपाशी नेलं मात्र, आणि फर्रकन आत ओढलं गेलं!

"घेतली!" काकू हरखल्या.

दोघं थांबले. करवत चालूच.

"वाचत असतील," हेडमास्तर म्हणाले.

"वाचली असणार. मी सांगितलेलं ते लगेच ऐकून घेतात. करत काही नाहीत!"

दुसरी चिठ्ठी गेली. 'आग लागली आहे!! ताबडतोब बाहेर या!!' फर्र! उलट करवतीने सूर आणखी वर नेला.

तिसरी चिठ्ठी काकूंनी पाठ वळवून लिहिली. हेडमास्तरांनी सवयीने मान उंचावून पाहिलं, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. फर्र!

"आता मी लिहितो," ते घसा खाकरून म्हणाले. "माझ्या अक्षराचा धाक असतो." खिशातलं लाल पेन काढून त्यांनी लिहिलं, 'ही शेवटची सूचना!' आणि खाली दोन रेघा ओढल्या. फर्र!

आत साहेबांना पाइपातून काहीतरी पांढरं फडफडत जाताना दिसलं. "काय ओढ आहे!" ते मनाशी म्हणाले. "कुठकुठला जुना कचरा खेचून आणतोय!"

तेवढ्यात पुढच्या दारातून वकीलबाई आत आल्या. बरोबर अकरा वाजता. खिडकीखालच्या वाटेने आल्या होत्या, त्यामुळे नखशिखांत पिठात घोळवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी शिंक बाहेर आली. पाठोपाठ गल्लीत घंटा घणघणली. बंब आला!

शेवटी काकूंना सुचलं. त्या धावल्या आणि त्यांनी घराचं मेन स्विच खाली ओढलं.

सगळं थंड. मग चिकटपट्टी टरटर निघाल्याचा आवाज, कडी, आणि कानांवरचे डबे उतरवत दारात पाइपसाहेब. अंगावर एक कण नाही! चेहरा असा की नदी उलटी वाहवून आलेत.

"बघ! हात फिरवून बघ कुठेही! आहे का भुसा?"

समोर काकू होत्या. काकूंच्या मागे हेडमास्तर, अर्धे पांढरे, अर्धे तपकिरी. त्यांच्या मागे शिंकणाऱ्या वकीलबाई. आणि त्यांच्याही मागे, जाडजूड पाइप खांद्यावर घेतलेले दोन जवान आणि एक अधिकारी. जन्मात पहिल्यांदाच पाइप पाहून साहेबांना आनंद झाला नाही.

"आग कुठेय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुठली आग?"

"चार चिठ्ठ्या पाठवल्या!" काकूंचा आवाज चिरकला. "चारही हातातून हिसकावून घेतल्यात!"

"चिठ्ठ्या? अगं, मी एकही पाहिली नाही!"

अधिकाऱ्यांनी पाइपावरून नजर फिरवत फिरवत पिंप गाठलं आणि झाकण उचललं. तळाशी चिमूटभर भुसा, आणि त्यावर, पुढच्या अरुंद पाइपात न शिरलेल्या चार चिठ्ठ्या. अधिकारी नियमाने चालणारे होते. त्यांनी त्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. पहिली. दुसरी. तिसरी.

"'अहो, कपाट गेलं खड्ड्यात. तुम्ही बाहेर या. मला फार भीती वाटतेय. तुमच्याशिवाय मी काय करू?'"

काकूंनी ती चिठ्ठी झडप घालून घेतली. चौथी वाचायचं कुणाला सुचलं नाही. एक जवान छत बघत राहिला. हेडमास्तरांचा चष्मा पुन्हा निघाला.

"हे... हे तू लिहिलंस?" साहेबांनी गॉगल कपाळावर सरकवून विचारलं.

"मग कोण लिहिणार!" काकूंनी पदराने डोळे टिपले. "जीव अर्धा झाला माझा!"

साहेब दोन पावलं पुढे आले. काकूंचा हात त्यांनी हातात घेतला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, चारचौघांत असं कधी घडलं नव्हतं. वकीलबाईंनी शिंक दाबून धरली. आता साहेब काहीतरी बोलणार हे सगळ्यांना कळलं.

"अगं," साहेब हळुवारपणे म्हणाले, "झाकणावरचा दुसरा पाइप फक्त वीतभर बाजूला सरकवला ना, तर उद्या बाहेरसुद्धा भुसा दिसणार नाही!"

काकूंनी हात सोडवून घेतला. शिवणयंत्रावरची मोठी कात्री उचलली.

अधिकारी कागदावर अहवाल लिहीत होते. 'आगीचे कारण' पुढे त्यांनी 'भुसा' लिहिलं. 'मालमत्तेचे नुकसान' पुढे 'शेजाऱ्यांचे फाटक' लिहिलं. 'जीवितहानी' पुढे 'नाही' लिहून त्यांनी मान वर केली, काकूंकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, आणि त्या शब्दाच्या आधी जागा करून आणखी एक शब्द घातला.

'अद्याप.'