पत्र्याखालची ऊब

आमच्या गल्लीतले अण्णा कोणाच्याही घरी गेले, की आधी मीटर बघतात, मग माणसं. मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत असेल तर चप्पल काढायच्या आत विचारतात, "काय चालू हाय आत?" उत्तर मिळेपर्यंत ते उंबऱ्यावरच उभे असतात. एका लग्नाच्या बैठकीला गेले असताना त्यांनी यजमानांचा गिझर बंद करायला लावला होता. लग्न जमलं, पाहुण्यांच्या अंघोळी मात्र गार पाण्यानं झाल्या.

अण्णा लाइनमन म्हणून निवृत्त झाले. कडा गावाच्या आसपासच्या विजेच्या खांबांवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला आहे. "वीज कमी न्हाई, पेपरवाले. गळती लई हाय." मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून ते मला नावानं हाक मारत नाहीत.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. काकूंना संधिवात. थंडी पडली की सकाळी त्यांच्या हाताची बोटं मिटत नाहीत. भाकरी थापणं दूरच, पदरही खोचता येत नाही. म्हणून दर वर्षी दिवाळी झाली की त्या मुलीकडे पनवेलला जातात आणि होळीला परततात. तेवढे महिने अण्णा एकटे. "लई निवांत असतं," असं ते सांगतात. त्या काळात ते आमच्याकडे दिवसातून तीनदा मीटर बघायला येतात.

यंदा त्यांनी काकूंशी करार केला. पहाटे खोलीतला पारा विसाच्या वर गेला, तर काकूंनी जायचं नाही. मुदत आठ दिवस, कारण गाडीचं तिकीट नवव्या दिवसाचं होतं.

"आन न्हाई गेला तर?" काकूंनी विचारलं.

"तर मी सोता तुला यष्टीत बसवतो."

पहिल्या दिवशी तारेचा हीटर आला. खोली तापली, बंद करताच दहा मिनिटांत पुन्हा गार. "आपण आभाळ तापवायलो," म्हणत अण्णांनी तो परत केला. कोळशाच्या शेगडीचा विचार झाला. पण शेगडी पेटवून खोली बंद करणं जिवावरचं, आणि खिडकी उघडी ठेवली की ऊब बाहेर. तीही बाद. "ऊब करायची नसती, पेपरवाले. धरायची असती."

मग त्यांनी पत्र्याखाली पोत्यांचं छत शिवलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि उत्तरेच्या भिंतीला बाहेरून ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या पार वळचणीपर्यंत रचल्या. पारा पंधरावरून एकोणीसवर आला. अण्णांनी पेढ्यांची चौकशी सुरू केली.

सातव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते.

"भिंत खाल्ली."

"कोणी?"

"बाळूच्या म्हशीनं."

म्हैस दावं तोडून आली होती आणि निवांत जेवून गेली होती. भिंतीला चारा लावणारा माणूस गल्लीनं प्रथमच पाहिला. म्हशीनं फार विचार केला नाही. "अण्णा, दूध वाढलं तर निम्मं तुमचं," शेजारचा बाळू म्हणाला. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर काकूंची भरलेली पिशवी दिसली.

आठव्या दिवशी पहाटे थर्मामीटर एकतीस दाखवत होता.

अण्णांनी गल्लीभर सांगितलं. आयुष्यभर कुठल्याही मीटरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय खरा न मानणाऱ्या या माणसानं हा आकडा पुन्हा तपासला नाही. मी तसं म्हणालो, तेव्हा ते मला लिंबाखाली घेऊन गेले.

"बाहेर बारा हाय. फाटक्या भिंतीआड एकतीस व्हतंय का? मुठीत धरला व्हता तिनं. बोटं मिटत न्हाईत तिची. कसा धरला आसंल, तिलाच ठाव."

"मग?"

"मग काय? पोरीला फोन केला. म्हनलं, आई यायली न्हाई."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. आता मलाही सवय लागली आहे; आधी मीटर पाहिला. लाल दिवा बराच वेळ लुकलुकलाच नाही. आत हीटर नव्हता, शेगडी नव्हती. थर्मामीटर खुंटीवर लटकत होता. काकू घोंगडी पांघरून बाजेवर बसल्या होत्या. समोर स्टुलावर अण्णा, आणि काकूंचे दोन्ही हात त्यांच्या खांबांवर चढून राठ झालेल्या हातांत.

मला पाहून ते दचकले, पण हात सुटले नाहीत.

"रीडिंग घ्यायलोय," अण्णा म्हणाले. "दार लावा आधी, पेपरवाले. गळती व्हायलीय."