तळवडेकरांची होल्डवरची गाडी

आमच्या शेजारच्या तळवडेकरकाकांना श्रीखंडाची वाटी दिली, की ते आधी ती खिडकीपाशी नेतात. एक डोळा मिटतात, वाटी डोळ्यांच्या रेषेत धरतात आणि मान वाकडी करून श्रीखंडाकडे बघतात. मग म्हणतात, "गुठळी आहे. डावीकडे." गुठळी असतेच. ती दाखवून झाली की सगळं श्रीखंड चाटूनपुसून खातात, तो भाग वेगळा.

"समोरून सगळंच चांगलं दिसतं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. "माल तिरपा बघायचा."

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला नग त्यांच्या टेबलावर यायचा, पसंत पडला तर ते त्यावर ब्रशने हिरवा ठिपका लावायचे. ठिपका म्हणजे पास. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं सांगतात, की काकांच्या टेबलावरची हिरव्या रंगाची बाटली कधी संपली नाही, दर वेळी वाळूनच गेली.

पुढे काका रिटायर झाले, पण तपासणी काही रिटायर झाली नाही. सोसायटीला रंग दिला तेव्हा काका टॉर्च घेऊन जिन्यात हिंडले. तो कंत्राटदार म्हणे आता आमच्या गल्लीतूनच जात नाही. माझ्या केतकीने लग्नाआधी नवऱ्या मुलाला घरी आणलं, तेव्हा काकांनी त्याला दारातच बाजूने न्याहाळलं आणि म्हणाले, "डावा खांदा थोडा खाली आहे. चालेल." 'चालेल' ही काकांकडची सर्वात मोठी पदवी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? जावईबापू अजून आमचा जिना चढताना डावा खांदा उचलून धरतात.

पण काकांचा खरा जीव इंजिनांत. हातभर लांबीची, पितळेची, वाफेची इंजिनं. नुसती शोभेची नव्हेत. पोटात पाणी भरायचं, खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, पाणी उकळलं की चाकं खरोखर फिरतात. माजिवड्याचे सरवटे नावाचे गृहस्थ अशी इंजिनं बनवून विकतात. गिऱ्हाइकाला देण्याआधी ते प्रत्येक इंजिन काकांकडे आणतात आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखे सोफ्याच्या टोकावर बसतात. काका टॉर्च आडवा धरतात. जिथे दोष, तिथे लाल टिकली चिकटवतात. ही पद्धत सुलभाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, टिकल्यांच्या पाकिटावर सुरू झाली. काकू म्हणायच्या, "माझ्या कपाळाला एक आणि इंजिनाला अकरा. सवाष्ण कोण, तेच कळत नाही."

"रंगाला संत्र्याची साल आलीय, बारीक खड्डे," काका सरवट्यांना सांगतात. "इथे रिव्हेट एक कमी. नंबरप्लेट उजवीकडे झुकलीय. आणि बॉयलरवर धुळीचा कण."

"अहो काका, खऱ्या इंजिनावर तर ढीगभर धूळ असते," सरवटे एकदा कळवळून म्हणाले.

"खऱ्या इंजिनावर ती बसलेली असते. इथे रंगाच्या खाली अडकलीय. बसलेली आणि अडकलेली यात फरक आहे, सरवटे."

सरवटे देवी आलेल्या पोराला उचलावं तसं ते इंजिन उचलून माजिवड्याला घेऊन गेले.

काकांनी स्वतःही एक इंजिन केलंय. एकच. बाल्कनीत छोटं लेथ टाकून वर्षानुवर्षं खपले. गडद हिरवा रंग, त्यावर केसासारखी बारीक तांबडी रेघ. ते काचेच्या पेटीत असतं. रूळही तयार आहेत, सोफ्याखाली कागदात गुंडाळून ठेवलेले. हॉलभर गोल मांडता येतील एवढे. मात्र ते इंजिन कधी कोणी चालताना बघितलेलं नाही. कोणी विचारलं की काका म्हणायचे, "अजून होल्डवर आहे." होल्ड म्हणजे पासही नाही, रिजेक्टही नाही. इंजिनाचं काम चालू होतं, काकू होत्या, तोवर त्याच उत्तर द्यायच्या, "आमच्या गाडीला सिग्नलच मिळत नाही." काकू जाऊन तीन वर्षं होतील, तरी गाडी होल्डवरच.

या मार्चमध्ये सरवटे आले ते वेगळ्याच कामाला. ठाण्यात हौशी लोकांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात काकांचं इंजिन चालवून दाखवावं, असा त्यांचा आग्रह. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं. सरवट्यांनी हात टेकले आणि जाता जाता आमची बेल वाजवली. "वहिनी, तुम्ही सांगून बघा. आता त्यांचा हात थरथरतो. राहून गेलं तर राहूनच जाईल हो."

ते ऐकून मला चैन पडेना. कोथिंबीर वडीचं निमित्त करून गेले. काका वडी तपासत होते तेवढ्यात मी पेटीजवळ जाऊन, त्यांचीच विद्या वापरून, मान वाकडी केली. ड्रायव्हरच्या केबिनवर, मागच्या कोपऱ्यात, तिळाएवढा काळा डाग होता.

"काका, इथे डाग आहे."

"माहीत आहे."

"ओल्या फडक्याने निघेल की."

"निघेल," काका म्हणाले. "म्हणूनच होल्डवर आहे."

मग त्यांनी वडी खाली ठेवली आणि सांगितलं. इंजिन पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी चारी बाजूंनी टॉर्च फिरवला आणि एकही टिकली लागली नाही. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू आल्या, खूप वेळ बघत राहिल्या, आत गेल्या, काजळाची डबी घेऊन आल्या आणि केबिनच्या गालावर बोट टेकलं. एवढं देखणं झालंय, दृष्ट लागेल म्हणाल्या.

"मी चिडलो. फायनल तपासणीनंतर मालाला हात लावायचा नसतो. म्हटलं, रविवारी पुसतो आणि चालवतो. शुक्रवारी तिला ॲडमिट केलं." काका पेटीकडे बघत होते. "आता पुसवत नाही. आणि डाग असलेला माल मी उभ्या जन्मात पास केलेला नाही. तुम्हीच सांगा काय करू."

मी रिकामी ताटली घेऊन घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. इतकी वर्षं आम्ही त्या गाडीची थट्टा करायचो, तेव्हा काका काय गिळत होते कोण जाणे.

एप्रिलमध्ये केतकीच्या लेकीचं बारसं झालं, आमच्याच घरी. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि थेट पाळण्याकडे निघाले. केतकीने माझा हात धरला. "आई, ते आता बाळात पण डिफेक्ट काढणार."

काकांनी मान वाकडी केली. एक डोळा मिटला. आमच्या कल्याणच्या विहीणबाई पाळण्याशी बसल्या होत्या, त्यांना हे प्रकरण नवीन होतं.

"गालावर काळं आहे," काका हळूच म्हणाले.

"तीट आहे ती," विहीणबाई म्हणाल्या. "मीच लावली सकाळी."

"चांगल्या गालावर कशाला?"

"अहो, चांगला आहे म्हणूनच ना. न्हाऊमाखू घालून, अंगावरून हात फिरवून, सगळं नीट बघून घ्यायचं. मन भरलं की मग शेवटी तीट. त्याच्या आधी कोण लावतं?"

काका तसेच वाकून उभे राहिले. मग सरळ झाले.

"म्हणजे तपासणी झाल्यावर लावतात."

"तपासणी म्हणा हवं तर," विहीणबाई हसल्या.

"आणि पसंत पडलं तरच."

"तर काय."

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. "ठिपका होता तो," ते म्हणाले. विहीणबाईंना वाटलं, बाळाबद्दल बोलतायत. मला कळलं. पेढा मात्र काकांनी न तपासता तोंडात टाकला, आणि हे आमच्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

रविवारी सकाळी काकांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. सोफा भिंतीला लावला होता, रूळ हॉलभर गोल मांडले होते. सरवटे माजिवड्याहून धावत आले होते. इंजिन पेटीबाहेर निघालं, तसा त्यांना तो डाग दिसला आणि त्यांनी तत्परतेने रुमाल पुढे केला.

"हात लावू नका," काका म्हणाले. "पास झालेल्या मालावरची खूण आहे ती. ठाण्यालाही तशीच जाईल."

दिवा त्यांनीच लावला. दोन काड्या फुकट गेल्या. पाणी उकळायला लागलं, इंजिनाने चार थेंब फरशीवर सांडले, एक उसासा टाकला आणि निघालं. पहिल्याच वळणावर ते थोडं डुगडुगलं. माझ्या मांडीवरची नात टक लावून बघत होती. तिच्या गालावरही आज तीट होती.

मी काकांकडे पाहिलं. सवयीने त्यांच्या बोटाच्या टोकावर एक लाल टिकली तयार होती. गाडी एक फेरी करून त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी मान वाकडी केली नाही. मांडी घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, ते अगदी समोरून बघत होते.

"चालेल?" मी विचारलं.

"चालतेय की," काका म्हणाले, आणि बोटावरची टिकली त्यांनी पाकिटात परत ठेवली.