मेश्राम काकांचं न ठरणारं कुलूप

मेश्राम काकांनी मला पाटवडीच्या रश्श्याची कृती पाठवली, तीही कुलूपबंद फाइलमध्ये. मी नोएडातल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सिक्युरिटी बघतो, म्हणजे सिक्युरिटीवर स्लाइड बनवतो. फाइल काही उघडेना. शेवटी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "काका, तोंडीच सांगा ना."

"अच्छा! आणि लिफ्टपाशी कोणी ऐकलं तर?"

काका गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, काकांनी लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं. तेव्हापासून त्यांना एकच चिंता: फाइलींना कुलूप लावायला कोणतं टूल घ्यावं? सल्लागार मी, कारण माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं.

दर रविवारी पोह्यांसोबत बैठक बसायची.

"जीपीजी घ्या. जुनं, भरवशाचं," मी आदल्या दिवशी वाचलेलं ऐकवायचो.

"बिल्कुल. पण त्याचे ऑप्शन समजेपर्यंत मी पुन्हा एकदा रिटायर होईन."

"मग 'एज' नावाचं नवं टूल घ्या. छोटं, सुटसुटीत."

"मुलगा चांगला दिसतो, पण वय लहान आहे हो."

"सरळ अख्खी डिस्कच लॉक करा."

"म्हणजे डब्याऐवजी घरालाच कुलूप. पण मी घरात असताना दार उघडंच ना?"

यावर मी पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाल्ले.

एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः काय वापरता?"

माझा पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो घरात सगळ्यांना आणि वायफाय दुरुस्त करणाऱ्यालाही पाठ आहे.

"आमचं मल्टिलेयर असतं," मी म्हणालो. काकांनी आदराने आणखी पोहे वाढले.

दिवाळीत त्यांची मुलगी पल्लवी बंगळुरूहून आली. लिफ्टमध्ये भेटली, तेव्हा मी मोठेपणाने म्हटलं, "टूल अजून ठरत नाहीये, पण आपण ठरवू."

ती गोंधळली. "कुठलं टूल? बाबांनी तर कधीच सगळं एजमध्ये टाकलं, दादा. मलाही उघडता यावं म्हणून माझी किल्लीसुद्धा जोडली. फोनवर शिकवलं मला."

माझे कान तापले. इतके रविवार मी कोणाला शिकवत होतो? मग एकेक आठवायला लागलं. मी निघायला उठलो, की काका नेमकी एक नवी शंका काढायचे. एका रविवारी मला ताप होता, गेलो नाही, तर दुपारी लॅपटॉप बगलेत धरून तेच वर आले होते.

पल्लवी परत गेली. पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा खाली उतरलो. काकांनी दार उघडलं, पण आज ते माझ्या नजरेला नजर देईनात.

"पल्लवी भेटली म्हणे तुम्हाला?"

"भेटली ना." मी चपला काढल्या. "पण काका, जीपीजीचा आपण नीट विचारच केला नाही. मला वाटतं, पहिल्यापासून बघावं लागेल."

ते लगबगीने स्वयंपाकघराकडे वळत म्हणाले, "बिल्कुल. अशा गोष्टीत घाई करायचीच नाही."