नऊ मात्रांचं लेकरू

देवाजीकडे वाजवायला चाल एकच होती, नावं मात्र पंचवीस. लग्नात वाजवली की "नवरीचं गाणं", पोळ्याला "बैलाचं" आणि जंगल खात्याचे मोठे साहेब आले की "सरकारी". आमचे कान तेच असल्यामुळे फसत कुणीच नव्हतं.

देवाजी आमच्या गावच्या डाकबंगल्याचा चौकीदार. ती चाल आणि पत्र्याची बासरी, दोन्ही त्याला बंगल्यात पूर्वी राहणाऱ्या दौलतसाहेबाने दिलेली. साहेबाचं खरं नाव डोनल, मुलूख आयर्लंड. आपला देश स्वतंत्र झाल्यावर तो घरी गेला. चाल मोठी विचित्र, नऊ मात्रांची. शाळेतल्या पोरांना मी तिच्यावर लेझीम धरायला लावलं, तर अर्धी पोरं एकमेकांच्या पायांत अडकून पडली. देवाजी म्हणतो, "मास्तर, बासरी बराबर हाय. तुमच्या पोरायलेच पाय कमी हाये."

"पण खरं नाव काय रे हिचं?" एकदा मी विचारलं.

"साहेब दरवेळी नवीनच सांगे." मग म्हणाला, "मी मेल्यावर इले हाक कोन मारन, मास्तर? लेकराले नाव तर पायजे."

त्याला मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मला फार वाईट वाटलं. साहेबाला इंग्रजीत पत्र मीच लिहून दिलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मी ते मराठीत सांगितलं: 'देवाजी, हिला आमच्याकडे दर गावात वेगळं नाव आहे. ज्याची आठवण निघते, त्याचं नाव चालीला पडतं. मी वाजवताना तुझ्याच गोष्टी सांगतो. त्यामुळे आमच्या गावात हिला आता सगळे "देवाजी" म्हणतात.'

देवाजीने पत्र तीनदा वाचायला लावलं. मग मान हलवली.

"नाई जमत. बापाचं नाव लेकराले कोनी ठेवते का?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो दारात हजर. धुतलेला सदरा, हातात घुगऱ्यांचा डबा आणि कोऱ्या फडक्यात गुंडाळलेली बासरी.

"बारसं हाय, मास्तर. आत्या कोनी नाई. तुमीच सांगा कानात."

मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. बासरीचा कान कुठला, हेही मला कळेना. त्यानेच वरच्या भोकावर बोट ठेवलं.

"नाव?"

"दौलत."

मी तोंड जवळ नेलं आणि म्हणालो, "कुर्रर्र..."

"हळू, मास्तर," देवाजी डोळे पुसत म्हणाला. "दचकन ते."