हळूभाऊंचा सायलेन्सर

सदर प्रकरणातील गृहस्थ, ज्यांना झाडून सगळे हळूभाऊ म्हणत, आवाज नियंत्रण कार्यालयात कारकून होते आणि त्यांची मोटरसायकल आवाज करत नव्हती. दुखणं एवढंच. संध्याकाळी गाडी पार्किंगमध्ये शिरायची, हळूभाऊ जिना चढायचे, बूट काढून पाणी मागायचे आणि स्वयंपाकघरातून बायको दचकून ओरडायची, "अगं बाई! तुम्ही कधी आलात?" कार्यालयात तर साहेबांनी एकदा त्यांच्याच तोंडावर त्यांनाच विचारलं होतं, "हळूभाऊ आज रजेवर का हो?" माणसानं सोसायचं तरी किती? आपण आलो की एखाद्यानं मान वर करून बघावं, बस्स, याउपर त्यांची काही मागणी नव्हती.

म्हणून एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी घरच्या घरी सायलेन्सर बदलायला घेतला. नवा दणदणीत सायलेन्सर त्यांनी कार्यालयाच्या जप्तीच्या खोलीतून आणला होता. कागदोपत्री तो केव्हाच नष्ट झालेला होता आणि जी वस्तू नाहीच, ती नेल्यानं शासनाचं काय जाणार? जुन्या सायलेन्सरचे नट मात्र गंजून हटून बसले होते. तेल पाजून झालं, पाना घसरून बोटाचं सालटं निघालं, तोंडातून नको ते शब्दही निघाले. अखेर हळूभाऊंनी हॉलमधल्या पडद्याचा पाईप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि सगळा भार टाकला. नट सुटले. नवा सायलेन्सर बसवून झाल्यावर एक तांब्याची चकती उरली. घरी दुरुस्ती केली की काहीतरी उरतंच, असं म्हणून त्यांनी ती खिशात टाकली.

ती चकती धूर आणि आवाज सांध्यातून बाहेर पडू नये म्हणून असते. त्यामुळे किक मारताच जे झालं त्याला आवाज म्हणणं हा त्याचा अपमान होईल. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून झटकलं. कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत. आणि गॅलरीत येऊन बायको म्हणाली, "अहो, आलात का?"

ते कुठे गेलेच नव्हते, पण हळूभाऊंनी वर बघून हात हलवला.

सोसायटीचे सेक्रेटरी तरातरा खाली आले. "हळूभाऊ, हे इथे चालायचं नाही! लोकांना त्रास होतो!" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "अजून आहे का एखादा?"

तर्क सरळ होता. हळूभाऊंना आता फाटकात सगळे वाट देत होते, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? बघता बघता सगळ्या इमारतीनं सायलेन्सर बदलले. मग गल्लीनं. लोकांच्या तक्रारी आल्या त्या हळूभाऊंच्याच टेबलावर आणि त्यांनी नियमानुसार शेरे मारले: 'बाहेरील आवाजामुळे तक्रारदाराचे म्हणणे ऐकू आले नाही. प्रकरण बंद.' जप्तीची खोली पार रिकामी झाली, म्हणून साहेबांचा वरिष्ठांनी सत्कार केला. साहेब तिथला शेवटचा सायलेन्सर स्वतःच्या गाडीला लावूनच सत्काराला गेले होते.

एका संध्याकाळी हळूभाऊ फाडफाड करत घरी आले, जिना चढले, पाणी मागितलं.

"अगं बाई! तुम्ही कधी आलात?"

हळूभाऊ पाणी न पिताच खाली गेले. जुना सायलेन्सर शोधला, खिशातली चकती घासूनपुसून जागेवर बसवली, नट आवळले. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी फाटकातून आत आली आणि इमारत गारठली. वॉचमन उठून उभा राहिला. पटापट खिडक्या उघडल्या. बायको अनवाणी धावत खाली आली. "अहो, काय झालं तुम्हाला? बरं नाही का वाटत?" इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून हळूभाऊ लाजून लालबुंद झाले. असं सुख त्यांना लग्नातही लाभलं नव्हतं.

"चोरासारखे येता?" सेक्रेटरी कडाडले. "सभ्य माणसांची वस्ती आहे ही!"

रीतसर तक्रार झाली. साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन जातीनं आले. गाडी सुरू केली, काटा हलेना. साहेबांनी यंत्राला टपली मारली, तरी हलेना. "हे बघा," साहेब गंभीरपणे म्हणाले, "आमचं कार्यालय आवाजावर नियंत्रण ठेवतं. इथे आवाजच नाही, म्हणजे हे वाहन आमच्या नियंत्रणाबाहेर गेलेलं आहे."

"साहेब, पण लोक बघतात हो माझ्याकडे," हळूभाऊ काकुळतीला येऊन म्हणाले.

"तेच तर! शांतता भंग होते."

जुना सायलेन्सर जागच्या जागी जप्त झाला. नट सुटेनात तेव्हा पडद्याचा पाईप बायकोनंच आणून दिला. तांब्याची चकतीही गेली, पुरावा म्हणून.

तेव्हापासून हळूभाऊ पुन्हा फाडफाड करत येतात, जातात. तुम्हाला हसू आलं असेल. पण तुम्ही हे वाचत होता ना, तेव्हा तुमच्या खिडकीखालून एक गाडी फाडफाड करत गेली. तुम्ही मान वर केलीत का?

हळूभाऊच होते ते. वर बघत होते.