सात नंबरची पट्टी

"जगातलं कुठलंही वादळ येऊ दे, या छताचा एक नट जरी ढिला झाला तरी मी माझी इंजिनिअरिंगची पदवी परत करीन," असं रत्नाकर देशिंगकर गेली नऊ वर्षं गच्चीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, त्याने चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत, सांगत आले होते. मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी कानडी मुलखात के. आर. पुरममधल्या त्यांच्या घरावरून ते छत उठलं. अर्धं गच्चीतच उलथंपालथं पडलं आणि अर्धं रस्ता ओलांडून समोरच्या नागराजांच्या आंब्यावर जाऊन बसलं. नट एकही ढिला झाला नव्हता. नट सगळे छताबरोबर गेले होते.

रत्नाकरांनी एका सरकारी संशोधन संस्थेत चौतीस वर्षं विमानाच्या पंखांची ताकद तपासली होती. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर पत्र्याचं छत घालायचं ठरवलं, तेव्हा त्याचे अकरा नकाशे काढले. प्रत्येक खांबाला, पाइपाला, पट्टीला नंबर दिला. वेल्डिंगवाला कल्लाप्पा ते नकाशे बघून म्हणाला होता, "सर, छत घालायचंय, का विमानतळ?" पण छत झालं झकास. त्याच्याखाली वेताच्या दोन खुर्च्या आल्या आणि घरात पाच खोल्या असूनही संसार गच्चीत चालू लागला.

आता मात्र गुरुवारपासून रत्नाकर गप्प होते. रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांशी भांडणारा माणूस पोळीला काय लावून खायचं तेही विचारेना. प्रेमाताईंना पत्र्यापेक्षा याचाच घोर लागला. त्यातून त्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती.

ती गोष्ट म्हणजे सात नंबरची पट्टी. जिना चढून गच्चीत पाऊल टाकलं, की छताला आधार देणारी ही लोखंडी तिरपी पट्टी बरोबर रत्नाकरांच्या कपाळाच्या उंचीवर यायची. सात वर्षं ते रोज सकाळी पेपर घेऊन वर जायचे, रोज तिच्यावर आपटायचे आणि कपाळ चोळत म्हणायचे, "असू दे. डिझाइनमध्ये आहे." एकदा रक्त आलं. मग दोन वर्षांपूर्वी ते पुतण्याच्या मुंजीसाठी सांगलीला गेले असताना प्रेमाताईंनी कल्लाप्पाला बोलावलं.

"अक्का, सरांना विचारलंय न्हवं?"

"सरांचं कपाळच विचारतंय. काप तू."

पट्टी कापली गेली, मागच्या अंगणात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून उभी राहिली. रत्नाकर परत आले आणि त्यांचं डोकं आपटायचं थांबलं. आठवड्याभराने त्यांनी जाहीर केलं, की योगासनांमुळे आपली मान योग्य वेळी आपोआप वाकू लागली आहे. प्रेमाताई दोडके चिरत राहिल्या. सुखाने चाललेल्या माणसाला काय अडवायचं?

शुक्रवारी सर्जापूर रोडवर राहणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, डिप्रेस नका होऊ! घराचा इन्शुरन्स आहे, मीच काढलाय. मी क्लेम टाकलाय, सोमवारी सर्व्हेअर येतील," देवश्री म्हणाली.

सोमवारी घरी माणूस येणार, एवढंच प्रेमाताईंनी ऐकलं. परका माणूस येणार आणि गच्चीत हा उकिरडा! त्यांनी शनिवारी कल्लाप्पाला बोलावून आंब्यावरचे पत्रे उतरवले, सगळे पुसून एकावर एक रचले, गच्ची धुतली, जिन्याच्या तोंडाशी रांगोळी काढली आणि मोबाइलवर फोटो काढून लेकीला पाठवला.

लेक फोनवर किंचाळली. "आई! तो नुकसान बघायला येतोय! हे तर दुकानातून नवीन आणल्यासारखं दिसतंय!"

इथे तीन दिवसांत पहिल्यांदा रत्नाकर उठले. कपाटातून अकरा नकाशे निघाले. प्रत्येक पत्रा गुरुवारी कुठे, कोणत्या कोनात पडला होता, हे त्यांना तोंडपाठ होतं. रविवारी दिवसभर त्यांनी खडूने गच्चीवर खुणा केल्या आणि कल्लाप्पाकडून नुकसान मूळ जागी लावून घेतलं. "अरे, तो पत्रा बारा अंश डावीकडे! वादळाने असा आळशीपणा केला नव्हता!" आंब्यावरचे पत्रे परत आंब्यावर गेले. खोटेपणा नको म्हणून शेजारी पाटी लावली : 'पुनर्रचना. मूळ स्थितीनुसार.'

सगळं नंबरांप्रमाणे जुळलं. फक्त सात नंबर मिळेना. कल्लाप्पा एकदम फार मन लावून वेल्डिंगचा चष्मा पुसू लागला.

"सहा फुटांचं लोखंड!" रत्नाकरांचा चेहरा हळूहळू उजळला. "प्रेमा, सहा फुटी लोखंड ज्या वाऱ्याने उडवून नेलं, तो वारा साधा नव्हे. अशा वाऱ्यात विमानसुद्धा टिकणार नाही. माझं डिझाइन चुकलेलं नाही!"

त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पट्टी हरवल्याची सूचना मापांसकट टाकली. उत्तरादाखल नागराजांनी आपल्या अंगणात सापडलेल्या एका चमच्याचा फोटो टाकला. पण रत्नाकर खुशीत होते. रात्री दोन पोळ्या जास्त जेवले आणि क्लेमच्या कागदाला पुरवणी जोडली : 'एक लोखंडी पट्टी, क्रमांक सात, वाऱ्याने उडून बेपत्ता. वरील माहिती सत्य आहे.' खाली सही.

प्रेमाताई त्या सहीकडे बघत बसल्या. ऑफिसातली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेल्या माणसाची ती सही. खरं सांगावं, तर त्याचं छत त्याच्या बायकोनेच पाडलं असं होणार, आणि माणूस पुन्हा गप्प बसणार. न सांगावं, तर त्याच्या नावावर खोटं जाणार.

सोमवारी सर्व्हेअर आले. शिवकुमार नाव, मूळचे निपाणीचे. "मराठीतच बोला की अक्का, कानाला बरं वाटतंय," म्हणत त्यांनी रांगोळी ओलांडली, पाटी वाचली, खडूच्या खुणा बघितल्या आणि चष्मा नीट केला. मग पुरवणी हातात घेतली. "पट्टी उडाली म्हणता? सहा फुटी?"

"तेच तर!" रत्नाकर म्हणाले. "वाऱ्याचा वेग काढा आता!"

"ती उडाली नाही," प्रेमाताई म्हणाल्या.

"काय उडाली नाही?"

"सात नंबर. खाली दोडक्याच्या वेलाला लावलीय. दोन वर्षं झाली. तुम्ही मुंजीला गेला होतात तेव्हा मीच कापून घेतली."

रत्नाकरांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "म्हणजे... माझी मान..."

"मान आहे तशीच आहे. तुम्ही अख्ख्या कॉलनीला ते आसन शिकवत होतात, मी कोणत्या तोंडाने सांगू? लिहा हो, शिवकुमार. छत माझ्यामुळे गेलं."

"लिहू नका!" रत्नाकर म्हणाले. आवाज एकदम खाली आला. "ते कारण नाही. कारण मी आहे. हे छत चारी बाजूंनी मोकळं होतं, तसंच त्याचं गणित होतं. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेकडून मी पत्रा मारला. एक बाजू बंद केली, की वारा आत कोंडतो आणि छत वर ढकलतो. हे मी चौतीस वर्षं हाताखालच्या पोरांना शिकवलंय. गणित परत करायला हवं होतं. केलं नाही. उत्तर माहीत होतं, म्हणून केलं नाही."

"मग मारला कशाला?"

"तुझ्या खुर्चीवर पावसाचे तुषार यायचे. खोकला जात नव्हता तुझा."

"मला तर म्हणालात, उन्हासाठी मारला!"

"खोकल्यासाठी म्हटलं असतं, तर तू खोकला दाबून बसली असतीस."

प्रेमाताईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच भांडायला उभ्या राहिल्या. "तरी पट्टी नव्हती म्हणूनच गेलं."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"नऊ वर्षं प्रत्येक पाहुण्याबरोबर ऐकतेय, कळत कसं नाही?"

"ओ सर, ओ अक्का, स्वल्प थांबा की!" शिवकुमारांनी दोघांच्या मध्ये फाइल धरली. "अठरा वर्षं झाली मला या धंद्यात. कुत्र्यानं पाडलेला टीव्हीपण लोक वादळातच घालतात. क्लेम मिळू नये म्हणून नवराबायको भांडालेत, हे पहिल्यांदा बघालोय. या गल्लीत सात छतं गेलीत. सगळ्यांच्या बायकांनी पट्ट्या कापल्या काय? सगळ्यांच्या बायकांना खोकला हुता काय?"

शिवकुमारांनी फाइल उघडली.

"कारण वादळ, हे मी लिहितो. पट्टी नव्हती, पत्रा मारलेला हुता, हेपण लिहितो. ऑफिसला कापायचं ते कापू दे. पुरवणी मागं घ्या. आणि सर, एक बघितलंसा काय? बाकी सहा जणांचे खांबपण आडवे झालेत. तुमचे चारी उभे हायत."

रत्नाकरांनी वर बघितलं. चार खांब, आणि मध्ये मोकळं आभाळ. त्यांनी एका खांबाला हळूच थोपटलं. मग दुसरा हात प्रेमाताईंच्या खांद्यावर ठेवला. परक्या माणसासमोर असं त्यांनी चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं. प्रेमाताईंनी तो काढला नाही.

"सरी, ठीक हाय, आता नुकसानीबरोबर मालकांचा एक फोटो लागतो," शिवकुमार म्हणाले. दोघं वाकड्यातिकड्या पत्र्यांमध्ये तसेच उभे राहिले. शिवकुमारांनी मोबाइल वर धरला, जरा वेळ बघितलं आणि खाली घेतला.

"अक्का, सर, रागावू नका... ऑफिसात हे फोटो बघतात ओ. स्वल्प दुःखी दिसा की."